लाल चतुर ओळखायला आय-नॅचरलिस्ट किती कामाचं?

तळ्याकाठी गवताच्या काडीवर लालभडक चतुर बसलेला असतो. आशियाच्या उष्ण भागात हे इतकं नेहमीचं दृश्य आहे की बहुतेक जण 'लाल चतुर' म्हणून पुढे जातात. नाव विचारणारा मात्र अडकतो, कारण लाल चतुर ही एक जात नाही. सगळ्यात जास्त दिसतो तो क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. इंग्रजी पुस्तकांत तो रडी मार्श स्किमर किंवा स्कार्लेट स्किमर या नावांनी सापडतो. पश्चिम आशियापासून भारत, आग्नेय आशिया आणि चीन करत तो थेट जपानपर्यंत आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडातही माणसाच्या हातून पोचून तो स्थिरावला आहे. तळं, भाताचं खाचर, साचलेला चर, पाणवनस्पती असलेली कुठलीही संथ पाण्याची जागा त्याला चालते. अडचण एवढीच, की त्याच तळ्यावर त्याच्यासारखे दिसणारे आणखी चार-पाच लाल चतुर असू शकतात.

हे परीक्षण फोटोवरून जीव ओळखायला मदत करणाऱ्या आय-नॅचरलिस्ट या सेवेचं आहे, पण एकाच कामापुरतं. या गर्दीतून क्रोकोथेमिस सर्व्हिलिया वेगळा काढायला ती किती उपयोगी पडते, एवढंच पाहायचं आहे. पक्षी, झाडं, बुरशी यांच्या बाबतीत ती कशी चालते हा प्रश्न इथे नाही. गुण आधीच देऊन टाकू. पूर्ण रंगलेल्या नरासाठी पाचपैकी चार, मादी आणि कोवळ्या नरासाठी अडीच. या दोन आकड्यांत एवढं अंतर का, ते पुढे येईलच.

सेवेची कुंडली थोडक्यात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ती सुरू झाली. २०१७ पासून फोटो बघून नाव सुचवण्याची सोय आली आणि २०२३ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालते. वापरायला मोफत, जाहिराती नाहीत. आपण फोटो, तारीख आणि ठिकाण चढवायचं, यंत्र नावं सुचवतं, आणि मग जगभरातले हौशी आणि जाणकार लोक त्या नावाला दुजोरा देतात किंवा ते खोडून काढतात. म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यंत्राचा अंदाज आणि माणसांचं मत. दोघांची ताकद वेगळी आहे आणि चुकण्याची तऱ्हाही वेगळी. बरेच वापरणारे पहिल्यावर थांबतात आणि मग सेवेला नावं ठेवतात.

यंत्र लाल चतुराच्या बाबतीत कुठे घसरतं ते समजायला क्रोकोथेमिसची खूण आधी माहीत हवी. पूर्ण वाढलेल्या नराचं डोकं, चेहरा, छाती, पोट आणि पायसुद्धा लाल असतात. मागच्या पंखांच्या मुळाशी मधाच्या रंगाचा डाग असतो, बाकीचे पंख काचेसारखे स्वच्छ. आणि पोटाच्या वरच्या बाजूला, अगदी मधोमध, शेवटापर्यंत गेलेली बारीक काळी रेघ. आशियाच्या बहुतेक भागात हीच मुद्द्याची खूण. पश्चिम आशियात क्रोकोथेमिस एरिथ्रिया हा त्याचा भाऊबंद भेटतो. त्याचं पोट जास्त रुंद आणि चपटं असतं, आणि ही रेघ त्याला नसते. गंमत म्हणजे जपानच्या मुख्य बेटांवरच्या सर्व्हिलियाच्या उपजातीतही रेघ नसते, त्यामुळे तिथे ही खूण उपयोगाची नाही.

आता ही रेघ किती जाड? एक मिलिमीटरही भरत नाही. आय-नॅचरलिस्टचं यंत्र मात्र फोटो मूळ आकारात बघत नाही, तो खूप लहान करून बघतं. हिशेब करून पाहा. समजा फोटो आडवा तीनशे बिंदूंचा (पिक्सेलचा) झाला आणि त्यात चतुराचे पसरलेले पंख चौकटीचा पाचवा भाग व्यापतात. म्हणजे चतुराच्या वाट्याला साठ बिंदू आले. या चतुराचा पंखविस्तार साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर. म्हणजे एका बिंदूत एक मिलिमीटरहून थोडं जास्तच मावतं, आणि रेघ एका बिंदूतही नीट बसत नाही. ती आजूबाजूच्या लालात मिसळून जाते. यंत्राच्या डोळ्याला उरतो फक्त लाल डाग, चार पारदर्शक पंख आणि मागचं हिरवं गवत. अशा चित्रावरून ते जे नाव सुचवतं त्यात त्या भागात सगळ्यात जास्त नोंदवलेल्या लाल चतुराचा पगडा असतो. बहुतेक वेळा ते नाव बरोबरच निघतं, कारण तोच चतुर सगळ्यात सामान्य. पण ती ओळख नव्हे, तो अंदाजपंचे जमलेला योग.

यावर उपाय साधा आहे. फोटो चढवण्याआधी कापा. चतुर चौकटीच्या निदान दोन-तृतीयांश जागेत यायला हवा, आणि पंख कापले गेले तरी चालतील पण पोट पूर्ण दिसलं पाहिजे. मूळ फोटो फोनमध्ये राहू द्या, कापलेली प्रत वेगळी ठेवा. एकाच नोंदीत बरेच फोटो असतील तर कापलेला, वरून घेतलेला फोटो सगळ्यात पहिला लावा, कारण सूचना मागताना यंत्र आधी पहिल्याच फोटोकडे बघतं. दुसऱ्या फोटोवरून सूचना हवी असेल तर सूचनांच्या पडद्यावर तो फोटो निवडता येतो. ही एवढी काळजी घेतली तरी सूचनांच्या यादीतला फरक लगेच दिसतो. आधी तीन-चार वेगवेगळ्या कुळांतली नावं येत असतील, तर कापल्यावर ती एकाच प्रजातीभोवती, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटाभोवती (इंग्रजीत जीनस), गोळा होतात.

फोटो चांगला आला नाही तर कापूनही उपयोग नाही, आणि लाल रंगाचा एक खास त्रास आहे. भर दुपारच्या उन्हात फोनचा कॅमेरा लाल रंग फोडतो. म्हणजे पोट एकसंध, चकाकणारं, तपशील नसलेलं लाल दिसतं आणि रेघ त्यात बुडते. फोनच्या पडद्यावर चतुरावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा. मोठ्या कॅमेऱ्यात उजेड कमी-जास्त करायची सोय (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ वर ठेवली की बहुतेक वेळा पुरतं. पडद्यावर फोटो जरा काळपट वाटला तर वाटू द्या, रेघ वाचली पाहिजे. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर ही कटकट कमी होते, पण तेव्हा चतुर गवतात खाली बसलेले असतात आणि सापडायला वेळ लागतो.

जवळ जाताना वरून वाकू नका आणि त्याच्यावर सावली पडू देऊ नका. सावली सरकली की तो उडतो. बसून, एकेक पाऊल सरकत जायचं. उडालाच तर मागे धावायची गरज नाही. या चतुराचा नर आपली काडी राखून असतो, घिरटी मारून पुन्हा त्याच काडीवर किंवा तिच्या शेजारी येऊन बसतो. उडाल्यावर जागचे हलू नका, कॅमेरा काडीवर रोखून थांबा. दोन-तीन मिनिटांत तो बहुधा परत येतो.

नाव ठरवायला चार कोन लागतात. सगळ्यात महत्त्वाचा बरोबर वरून: रेघ, पंखांच्या मुळाचा डाग आणि पोटाचा शेवट एकाच फोटोत येतात. दुसरा बाजूनं, पाय आणि छातीचा रंग दिसेल असा. तिसरा समोरून चेहऱ्याचा. चौथा पोटाच्या सुरुवातीच्या खालच्या बाजूचा, नर की मादी ते ठरवण्यासाठी. चतुराचं पोट दहा खंडांचं असतं आणि नराच्या दुसऱ्या खंडाखाली फुगवटा असतो, मादीला तो नसतो. वरच्या फोटोसाठी कॅमेरा पोटाला समांतर ठेवा. तिरपा कोन आला की रेघ कडेला सरकते, आणि मग ती रेघ आहे की सावली यावर लोक वाद घालत बसतात. पोट खूप उंचावलेलं असेल तर वरचा कोन मिळत नाही. उन्हात तो पोटाचं टोक आभाळाकडे करून बसतो, अंगावर कमी ऊन पडावं म्हणून. अशा वेळी जागा बदला किंवा दुसरा नर शोधा.

आता ज्यांच्याशी गोंधळ होतो ते चतुर. ही यादी माहीत असेल तर यंत्राच्या सूचनांतली कुठली धरायची आणि कुठली सोडायची ते कळतं.

ट्रायथेमिस ऑरोरा, म्हणजे क्रिमझन मार्श ग्लायडर, हा सगळ्यात मोठा गोंधळ. तोही लाल, तोही तळ्यावर, तोही पुढच्या काडीवर. पण त्याचा लाल रंग गुलाबी-जांभळ्याकडे झुकतो, छातीवर जांभळट छटा येते, पंखांच्या शिरा लाल असतात आणि पाय काळे. क्रोकोथेमिसचे पाय लाल. एवढी एक गोष्ट बघितली तरी अर्ध्याहून जास्त वाद मिटतात, म्हणूनच बाजूचा फोटो लागतो. यंत्राला मात्र पाय जवळपास दिसतच नाहीत, कारण बसलेल्या चतुराचे पाय अंगाखाली दडलेले असतात आणि गवताच्या पार्श्वभूमीवर ती एक काळी खरड असते. यंत्र या दोघांत गल्लत करतं ती इथेच.

ऑर्थेट्रम प्रुइनोसम, म्हणजे क्रिमझन-टेल्ड मार्श हॉक, लांबून लाल वाटतो, पण त्याची छाती गडद तांबूस-तपकिरी ते जांभळट असते, तिच्यावर राखेसारखा पावडरीचा थर येतो, आणि पोट गुलाबीसर लाल. डोळे निळसर काळे. दोन रंगांचा चतुर दिसला की क्रोकोथेमिस सोडून द्या, कारण क्रोकोथेमिसचा नर अंगभर एकसारखा लाल असतो. युरोथेमिस सिग्नाटा धट्टाकट्टा, काठ्यांच्या टोकावर बसणारा. त्याच्या पोटाच्या शेवटाकडे, आठव्या-नवव्या खंडांवर वरून काळे डाग असतात आणि मागच्या पंखांच्या मुळाशी लालसर तपकिरी डाग. एथ्रियामांटा ब्रेव्हिपेनिस आकारानं लहान, पोट आखूड, छाती गडद, पोट लाल. तो क्रोकोथेमिससारखा फक्त पुसट फोटोतच दिसतो.

रोडोथेमिस रूफाचा नर क्रोकोथेमिससारखाच लाल असतो आणि इथे यंत्राचा अंदाज सगळ्यात कमी भरवशाचा. रोडोथेमिसची मादी मात्र वेगळी काढता येते: छातीच्या पाठीवरून पोटाच्या सुरुवातीपर्यंत एक ठळक पिवळसर-पांढरी पट्टी उतरते. डोंगराळ, थंड भागात सिम्पेट्रम फॉन्सकोलंबीही लाल असतो. त्याच्या पंखांच्या शिरा लाल असतात, डोळ्यांचा खालचा भाग निळसर राखाडी, आणि पंखाच्या टोकाजवळचा ठिपका फिकट, काळ्या कडा असलेला. ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा, म्हणजे डिच ज्वेल, यंत्र क्वचितच चुकवतं, कारण नराच्या पंखांवरचा नारिंगी रंग इतका ठळक असतो की लहान केलेल्या फोटोतही तो टिकतो. न्यूरोथेमिस फल्वियाचंही तसंच, पंखच गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे.

इथून एक ढोबळ नियम काढता येतो. वेगळेपण पंखांच्या मोठ्या रंगीत भागात असेल तर यंत्रावर विसंबा. पोटावरची रेघ, पायांचा रंग, पंखाच्या मुळाचा डाग अशा बारीक खुणेत असेल तर यंत्राला फक्त प्रजातीपर्यंत नेऊ द्या आणि जातीचं नाव स्वतः बघून ठरवा.

सूचनांच्या पडद्यावर यंत्र स्वतःच हे सांगतं, पण लोक वाचत नाहीत. वरच्या ओळीत ते 'अमुक प्रजातीत असल्याची आम्हाला बऱ्यापैकी खात्री आहे' अशा अर्थाचं काही लिहितं आणि त्याखाली जातींची यादी देतं. यादीतलं पहिलं नाव मोठ्या फोटोसकट असतं, म्हणून बोट तिकडे जातं. खात्रीची ओळ प्रजातीपुरती असेल तर प्रजातीच निवडा. 'क्रोकोथेमिस' एवढं लिहून पाठवलेली नोंद कमी दर्जाची होत नाही, उलट तिच्यावर जाणकारांची नजर लवकर जाते. जवळपासच्या भागात अपेक्षित असलेल्या जाती यंत्र वेगळ्या दाखवतं, हा भाग खरोखर उपयोगी आहे. ठिकाण बरोबर भरलं असेल तर पश्चिम आशियातला एरिथ्रिया बहुधा यादीतून आपोआप खाली जातो. ठिकाण भरलंच नाही तर ही चाळणी चालत नाही.

ठिकाणावरून आठवलं, सगळ्यात जास्त नोंदी इथेच बिघडतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर त्यातली तारीख आणि ठिकाण दोन्ही पुसलेलं असतं. तो चढवताना आजची तारीख किंवा सध्याची जागा लागली, तर गेल्या पावसाळ्यातला चतुर हिवाळ्यात, दुसऱ्याच जिल्ह्यात उडताना दिसतो. फोटो मूळ फाइलमधूनच चढवा. फोनच्या कॅमेऱ्याला ठिकाण नोंदवण्याची परवानगी दिली आहे का, ते निघायच्या आधी बघा. रानात नेट नसेल तर नेहमीच्या कॅमेऱ्यानं फोटो काढा आणि नंतर चढवा, तारीख आणि ठिकाण फोटोतच राहतं. नोंद घराजवळच्या तळ्याची असेल तर ठिकाण धूसर करण्याची सोय आहे. मग नकाशावर नेमका ठिपका न दाखवता सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवला जातो. सामान्य चतुरासाठी एरवी ही गरज पडत नाही.

आणखी एक चूक: एका नोंदीत वेगवेगळे चतुर. नियम एक नोंद, एक प्राणी. त्याच नराचे चार कोन एकाच नोंदीत हवेत, शेजारच्या काडीवरच्या दुसऱ्या नराची नोंद वेगळी. नर-मादीची जोडी एकत्र असेल तर तोच फोटो दोन नोंदींत वापरून एकीत नर, दुसरीत मादी अशी खूण करता येते. लिंगाची ही खूण भरण्याचा कंटाळा करू नका. नोंदीच्या खाली लिंग आणि वाढीचा टप्पा भरायची जागा आहे आणि ती भरलेली असली की त्या जातीच्या पानावर फक्त माद्यांचे फोटो वेगळे काढून बघता येतात. मादी ओळखताना आपल्यालाच ते कामी येतं.

आता माणसांकडे. दोन किंवा जास्त जणांनी एकच जात सांगितली आणि दोन-तृतीयांशाहून जास्त मतं एका बाजूला गेली, की नोंदीला 'संशोधन दर्जा' मिळतो. त्यासाठी फोटो, तारीख, ठिकाण हवं आणि प्राणी पाळीव किंवा बंदिस्त नको. हा दर्जा मिळालेली नोंद, तिचा परवाना परवानगी देत असेल तर, जगभरच्या जैवविविधतेच्या जीबीआयएफ या सामायिक साठ्यात जाते. आय-नॅचरलिस्टवर फोटोचा ठरलेला परवाना बिगर-व्यापारी वापराचा असतो आणि तो तिथे चालतो. म्हणजे चुकीचं नाव लागलं तर ते फोनपुरतं राहत नाही. अडचण अशी की दोन मतं म्हणजे दोन स्वतंत्र मतं असतीलच असं नाही. पहिल्यानं यंत्राचं पहिलं नाव उचललं आणि दुसऱ्यानं त्यावर नुसतं 'सहमत' दाबलं, तर प्रत्यक्षात मत एकच झालं, तेही यंत्राचं. नोंदीवरचं मत बघताना नावाशेजारी यंत्राच्या सूचनेची बारीक खूण असते, तिच्याकडे लक्ष द्या. पहिल्या मताशेजारी ती असेल आणि पोटाची वरची बाजू एकाही फोटोत नसेल, तर तो दर्जा कागदावरचाच समजा.

आपण दुसऱ्याची नोंद तपासताना प्रजातीपर्यंतच जाऊ शकत असू तर यंत्रणा विचारते: तुम्हाला जातीबद्दल खात्री नाही, की ती जात नाहीच असं म्हणायचं आहे? दोन्ही पर्याय वेगळे आहेत आणि चुकीचा दाबला तर नोंद उगाच अडकते. फक्त खात्री नसेल तर पहिला पर्याय निवडा. पाय काळे दिसताहेत म्हणून सर्व्हिलिया नक्की नाही, असं असेल तरच दुसरा. आणि कारण एका ओळीत लिहा: 'पाय काळे, शिरा लाल' एवढं पुरे. कारण लिहिलेलं मत लोक मान्य करतात, नुसतं खोडलेलं नाव भांडणाला निमंत्रण देतं. जाणकारांना प्रत्येक नोंदीत नाव घेऊन बोलावण्याची सवय मात्र वाईट. ते सगळे आपापल्या वेळेत फुकट काम करतात. उत्तर तासात येईल की महिन्यात, याची खात्री कुणी देत नाही.

संकेतस्थळावरच्या दोन सोयी फोनमधल्या अ‍ॅपपेक्षा फार उपयोगी आहेत. एक, जातीच्या पानावरचा 'सारख्या दिसणाऱ्या जाती' हा भाग. वापरणाऱ्यांनी कुठल्या जाती एकमेकींत गोंधळून टाकल्या आहेत, त्यावरून तो तयार होतो, म्हणजे तो चुकांचाच नकाशा आहे. सर्व्हिलियाच्या पानावर तो आधी वाचून मग फोटो चढवला तर अर्धं काम झालं. दुसरी, नोंद तपासतानाची तुलनेची खिडकी: दोन जातींचे फोटो शेजारी-शेजारी उघडता येतात. मोठ्या पडद्यावर पाय आणि पंखांचं मूळ असं जोडीनं बघितलं की लवकर उलगडा होतो. हे काम फोनच्या पडद्यावर करायचा हट्ट धरू नका.

सीक हे याच संस्थेचं दुसरं अ‍ॅप आहे. कॅमेरा रोखला की ते गण, कुळ, प्रजाती, जात अशा पायऱ्या उतरत जातं. खातं लागत नाही, नेट लागत नाही, म्हणून मुलांच्या हातात द्यायला ते चांगलं. लाल चतुरावर मात्र ते वारंवार प्रजातीपाशी थांबतं, आणि अडल्यावर विचारायला पलीकडे माणूस नाही. आकाशात घिरट्या घालणारे सोनेरी पिवळे चतुर, म्हणजे पँटाला फ्लॅव्हेसेन्स, ते बसल्यावर बरे ओळखतं. ते मुळात फांदीला लोंबकळून बसतात, काडीच्या टोकावर आडवे नाही, हा फरक यंत्राला कळो न कळो, बघणाऱ्याला लगेच कळतो.

भारतापुरतं बघायचं तर ओडोनाटा ऑफ इंडिया हे संकेतस्थळ जोडीला ठेवाच. तिथे यंत्र नाही, पण जातीवार फोटो तपासून लावलेले असतात. आय-नॅचरलिस्टनं सुचवलेलं नाव तिथल्या फोटोंशी ताडून बघणं, ही दोन मिनिटांची सवय बऱ्याच चुका वाचवते. फक्त चित्राशी चित्र जुळवणारी साधनं या कामाला घेऊ नका. त्यांना ठिकाण माहीत नसतं, त्यामुळे आशियातल्या तळ्यावरच्या चतुराला ती बिनधास्त आफ्रिकेतलं किंवा अमेरिकेतलं नाव देतात.

राहिली अडीच गुणांची बाजू, मादी आणि कोवळा नर. क्रोकोथेमिसची मादी लाल नसते. ती पिवळसर तपकिरी, पोटावर वरून काळी रेघ असलेली. नुकता कातेतून बाहेर आलेला नरही असाच पिवळा असतो आणि मग हळूहळू लाल होत जातो, त्यामुळे मधल्या टप्प्यात तो नारिंगी, ठिकठिकाणी डागाळलेला दिसतो. यंत्राला शिकायला मिळालेले फोटो मात्र मुख्यतः लालभडक नरांचे, कारण लोक तेच काढतात. म्हणून पिवळा चतुर दाखवला की यंत्र दुसऱ्याच दिशेला जातं. ट्रायथेमिस ऑरोराची मादीही पिवळसर असते, तिच्या पोटावर मधल्या रेघेखेरीज कडेनंही काळ्या रेघा असतात. वरून आणि बाजूनं असे दोन्ही फोटो असतील तर त्या मोजता येतात. फक्त बाजूचा असेल तर नाही.

पिवळ्या चतुरासाठी सोपी वाट अशी. त्याच तळ्यावर त्याच दिवशी लाल नर कुठले आहेत, ते आधी नोंदवा. मादी अंडी घालताना दिसली आणि नर तिच्याभोवती घिरट्या घालत असेल तर दोघांचे फोटो घ्या, त्याच्यावरून तिची ओळख बऱ्यापैकी भक्कम होते. एकटीच असेल आणि पोटाची वरची बाजू स्पष्ट नसेल, तर तिला चतुरांच्या मोठ्या कुळात, लिबेल्युलिडीमध्ये, ठेवा आणि चढवा. लिंगाच्या जागी 'मादी' भरा, टिपणात 'वरून फोटो नाही' असं लिहा, आणि पुढच्या वेळी त्याच काठावर, त्याच काडीपाशी पुन्हा बघा.